थोरलीचं रक्त

राजूरहून जालन्याला निघालेल्या एसटीत माझ्या मागच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या.

"अक्का, ते गावोगाव सिकलसेलसाठी रक्त तपासून राह्यले ना, त्याचा रिपोर्ट आला. आमच्या शिवकन्याच्या रक्तात दोष निघाला."

"मंग घाबरून काहून राह्यली, सत्यशीला? डॉक्टर म्हणले, एकाच्या रक्तात असला तर काही न्हाई. नवरा-बायको दोघांच्या असला तरच लेकराला बाधतो. आमच्या साहेबरावचं बिलकुल चांगलं निघालं. लगीन होऊ दे."

"तसं न्हाई अक्का. शिवकन्याला म्या शिबिरात नेलंच न्हाई."

"म्हंजे?"

"सोयरीक मोडंल म्हणून तिच्या नावानं थोरल्या लेकीला बसवलं. म्हणलं, ही सुखानं नांदून राह्यली, हिचं रक्त चांगलंच असंल."

"अगं बाई! आन थोरली तर पोटुशी हाय!"

"तेच तर. तिच्या सासरी कोणत्या तोंडानं सांगू?"

"आधी शिवकन्याचं तपासून घे. जल्दी."

"तिचं कसंबी निघू द्या अक्का. साहेबरावचं चांगलं हाय, तेवढाच आधार."





"साहेबराव त्या रोजी शिबिराला आल्ताच न्हाई. त्याच्या नावानं धाकट्यानं बोट पुढं केलं."