एकतीस रिकामे कप्पे आणि पंचवीस मिनिटं

मी, चिमणी (गोदामात सगळे याच नावानं हाक मारतात), वय तेवीस, शिक्षण पाचवीपर्यंत, काम गोदामात ऑर्डरप्रमाणे माल काढून पॅकिंगच्या टेबलावर आणून देणं, राहायला गोदामाच्या मागच्या फाटकापासून सात मिनिटांवर, रंगाच्या दुकानावरची खोली. पोलीस ठाण्यात बोलावलं म्हणून आले आणि समोर बसून सांगते ते असं:

घरात सासूबाई, मी आणि नऊ महिन्यांची लेक. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर असतो. लेक आत्ता बाहेर बाकावर सासूबाईंकडे आहे. ती रडली तर मला उठावं लागेल, असं मी आधीच सांगितलं. लिहून घेणाऱ्या हवालदार मॅडम "बरं" म्हणाल्या.

कंपनीची तक्रार अशी की एकतीस कप्प्यांतला माल गेला आणि तो मी चोरला. मी चोरला नाही. माल गोदामातच होता. त्याची जागा बदलली होती आणि ती मी बदलली होती.

आमच्याकडे बेचाळीस रॅक आहेत. कुठली वस्तू कुठं ठेवायची ते कंप्युटर ठरवतो. टॉर्च दोन नंबरला आणि तिचे सेल अडतीसला. टॉर्च घेणारा सेल घेतोच. नवरा-बायको भांडून गावाच्या दोन टोकांना राहावीत तसं ते चाललेलं, आणि दोघांचे निरोप पोचवत मी दिवसभर पळायची. कपडे वाळत घालायची दोरी खाली, चिमटे सगळ्यात वर, आणि चिमटे काढायची शिडी तिसरीकडेच.

चार महिन्यांपूर्वी मी बाळंतपणानंतर कामावर परत आले. लेक बाटली धरत नाही. दूध पाजायच्या बाटल्यांचा अख्खा कप्पा गोदामात आहे आणि माझीच पोरगी बाटली बघितली की तोंड फिरवते. जेवणाची सुट्टी वीस मिनिटं. घरी जाऊन यायला चौदा. उरली सहा. सहा मिनिटांत ती पीत नाही. सगळं आरामात करते, आजीवर गेलीय. (हे लिहू नका म्हटलं होतं, मॅडमनी लिहिलं.)

आमची खोली एवढीशी की गॅसपाशी बसल्या जागी सगळं हाताला येतं. मला वाटलं, गोदामात तसं का नको. मग मी रोज थोडा थोडा माल हलवला. जे जास्त खपतं आणि जे जोडीनं जातं, ते पॅकिंगच्या टेबलामागच्या रॅकवर आणलं. तो रॅक परत आलेल्या मालाचा. तिकडं कोणी बघतसुद्धा नाही, कारण बघितलं की काम मागं लागतं.

माल काढताना कप्प्यावरचा स्टिकर मशीनला दाखवावा लागतो. मी स्टिकरचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवले. फोटो दाखवला तरी मशीन टूं करतं. आता तेच फोटो पुरावा म्हणून जप्त झालेत. चोरानं सुद्धा एवढा व्यवस्थित पुरावा जमवला नसता.

मागच्या महिन्यात मोठ्या ऑफिसातून खर्च कमी करणारे साहेब आले. गोदामात पैसा कुठं गळतो ते शोधायला. त्यांनी सगळ्यांच्या मनगटाला पावलं मोजायचा पट्टा बांधला. माझा माल सगळ्यात जास्त निघायचा आणि पावलं सगळ्यात कमी. त्यात घरी जाऊन यायची पावलं धरली होती, तरीही. सुपरवायझर म्हणाले, "चिमणे, तुला पंख फुटले की काय?" मी हसले. तिथंच सांगायला हवं होतं. साहेब हसले नाहीत. हिला आतून कुणीतरी सामील असणार, असं त्यांनी लिहून दिलं.

या मंगळवारी आणि बुधवारी लेकीला ताप होता म्हणून मी गेले नाही. दोन दिवस निम्म्या ऑर्डरी अडल्या. कप्पे उघडले तर रिकामे. सुपरवायझरचा फोन आला, "माल कुठंय?" मी घाबरून "मला माहीत नाही" म्हणाले आणि फोन बंद केला. हे खोटं बोलले. घरी बसवतील एवढीच भीती होती, ठाण्यात आणतील हे सुचलंच नाही. माझं डोकं फक्त पाय वाचवण्यापुरतं चालतं.

आज गुरुवारी दुपारी सव्वातीनला पोलीस मला गोदामात घेऊन गेले. लेक कडेवर होती, सासूबाई मागोमाग. मी जागा दाखवत गेले, मॅडमनी यादी केली, साहेबांनी घड्याळ लावलं. चौदा मिनिटांत सगळा माल निघाला. तक्रारीत एकतीस कप्पे होते, भरले बत्तीस. आणखी एक कप्पा रिकामा आहे हे कंपनीला कळलंच नव्हतं. तेही मीच दाखवलं. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बाई, विचारलं तेवढंच सांगत जा."

तरी न विचारलेलं अजून एक सांगते. चार महिने मी रोज सुट्टीपेक्षा पंचवीस मिनिटं जास्त घेतली आणि मागच्या फाटकानं घरी गेले. माझ्या वाटणीची एकही ऑर्डर कधी राहिली नाही, पण मिनिटं घेतली हे खरं. कंपनीचं काही घेतलं असेल तर एवढंच. ते परत करता येत नाही. लेकीनं पिऊन टाकलं.

गोदामातून सुपरवायझर आणि साहेबही ठाण्यात आलेत, त्यांनी हे ऐकलं. साहेबांनी मालाच्या यादीसकट या जबाबाची नक्कल मागितली. सगळं गोदाम असंच लावायचं म्हणाले. मी म्हटलं, "न्या की. पण दुपारचं फाटक बंद करू नका." ते म्हणाले, "रोज नक्की किती वेळ लागतो?" मी म्हटलं, "चालायला चौदा मिनिटं, साहेब. पुढचं माझ्या हातात नाही." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. उद्या नऊला कामावर ये म्हणालेत. कामाला की हिशेब करायला, ते मी विचारलं नाही.

मॅडमनी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच आहे. एका जागी "माल लपवला" असं पडलं होतं, ते खोडून "माल जवळ आणला" करून घेतलं. खोडलेल्या जागी माझी सही आहे. सही वाकडी आली आहे, कारण तोवर लेक रडून मांडीवर आली होती.