समुद्राकाठचा पाळणा

पाळकसाहेब, पोलीसपाटील, पंच आणि जमलेली सगळी मंडळी,

ऊन चढायच्या आत आपण आलात. कोणी राहुरीहून आलात, कोणी हातातलं काम टाकून आलात. आमच्या घरातर्फे मी आपले आभार मानते.

मला बोलायची सवय नाही. पुण्याला एका कारखान्यात मी यंत्रांचे नकाशे उतरवते. तिथे बोलावं लागत नाही. रेघ बरोबर आली की काम झालं. आपल्या बापाबद्दल चार लोकांत उभं राहून कसं बोलायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. म्हणून मी सावकाश बोलेन. मध्ये थांबले तर आपणही थांबा. पण शेवटपर्यंत ऐका, एवढं मागते.

कारण आज नुसते डोळे पुसून उठता येणार नाही. उद्या सकाळी फौजदार येणार आहेत. माझे बाबा, शमुवेल मिस्त्री, यात्रेतल्या उंच फिरत्या पाळण्याखाली कसे सापडले, हे ते विचारणार आहेत. आणि आपल्या गावानं त्याचं उत्तर आधीच ठरवून ठेवलं आहे.

ते उत्तर आहे, सखाराम.

सखारामदादा पलीकडे कडुनिंबाखाली उभा आहे. मी इथून त्याला पाहते आहे. त्याला आत कोणी बोलावलं नाही. पाळण्याचा ब्रेक त्याच्या हातात होता, म्हणून तो दोषी. कोणी म्हणतं, प्याला होता. कोणी म्हणतं, तमाशाच्या कनातीकडे बघत होता. जे म्हणतात त्यांच्यापैकी पाळण्याजवळ कोण होतं, हे मी विचारत नाही. मीसुद्धा नव्हते. जे मी पाहिलं नाही, ते मी सांगणार नाही. जे पाहिलं तेच सांगेन, आणि जे ऐकलं ते कोणाकडून, तेही सांगेन.

पण ते कळायला आपल्याला माझ्याबरोबर थोडं मुंबईला यावं लागेल. समुद्रावर.

आपल्याला माहीत आहे, बाबा लढाईच्या आधी मुंबईत होते. समुद्राला लागून एक करमणुकीची बाग होती, तिथे ते फिटर होते. आम्ही बागेच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचो. माझं सगळं लहानपण त्या कुंपणाच्या आत गेलं. लाकडी घोड्यांचं चक्र होतं. घोडे रंगवलेले, एकाचा कान तुटलेला, आणि पोरांना नेमका तोच हवा असायचा. आरसेघर होतं. आत शिरलं की माणूस एकदम बुटका नाहीतर बांबूसारखा उंच. आमची आई पहिल्यांदा आत गेली आणि पदर तोंडाशी धरून बाहेर आली. म्हणाली, "म्या असली हाय व्हय?" बाबा म्हणाले, "असलीच हायेस. आजवर सांगितलं न्हाई इतकंच."

आणि पाळणा होता. हाच पाळणा. आपण आपल्या यात्रेत पाहिला तो.

तिथे तो इंजिनावर फिरायचा. पट्टा, चाक, आणि इंजिनाजवळच ब्रेक. बाबा तो अगदी वर नेऊन थांबवायचे. वरून गलबतं दिसायची. उतरणाऱ्या लोकांचे चेहरे मी खालून बघायची. भांडत वर गेलेली माणसं गप्प होऊन खाली यायची. एक म्हातारे पारशी गृहस्थ दर रविवारी एकटेच बसायचे. बाबा त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त वेळ वर ठेवायचे. मी विचारलं, का? बाबा म्हणाले, "त्यांची बाई आधी बरोबर यायची."

आता माझ्या आईचं काम ऐका. नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

समुद्राचा वारा खारट. तो लोखंडावर बसला की लोखंड गंजतं. एक दिवस सोडला की तांबडी भुकटी हाताला लागायची. म्हणून रोज सकाळी, बाग उघडायच्या आधी, पाळणा तेलाच्या फडक्यानं पुसायचा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते मोठं लोखंडी कडं, पाळण्याच्या घेराचं. आई खाली उभी राहायची, बाबा हातानं पाळणा हळूहळू फिरवायचे, आणि कडं तिच्या फडक्यातून सरकत जायचं. आई म्हणायची, "रातभर चाटतो मेला माज्या पाळन्याला." मेला म्हणजे समुद्र. तिचं त्याच्याशी कायमचं भांडण होतं.

पुसून झालं की बाबांचा एक नेम होता. पहिला फेरा पुसणाऱ्याचा. तिकीटवाला येण्याआधी आई पाळण्याच्या एका डोलीत बसायची, मी तिच्या मांडीवर. एक पूर्ण फेरा. आई डोळे गच्च मिटून घ्यायची आणि वर गेल्यावर मला विचारायची, "काय दिसतं गं?" मी सांगायची. म्हणजे समुद्र मी पाहिला आणि आईनं ऐकला.

मग लढाई आली. बाग मिटली. किनाऱ्याची जागा पलटणीनं घेतली, तारा लागल्या. घोडे कुठे गेले, मला माहीत नाही. आरसे काढताना फुटले, ते मी पाहिलं. पाळणा मोडीत जाणार होता. बाबांनी मालकांकडून तो मागून घेतला, सुटा केला, मालगाडीत घातला. इंजिन मिळालं नाही. ते दुसऱ्या कामाला गेलं.

राहुरी स्टेशनवरून तो गावात आणला कोणी? सखारामदादानं. स्वतःच्या बैलांनी. त्या दिवशी वेशीवर जे हसले, ते आज इथे पुढच्या रांगेत आहेत. मी नावं घेत नाही. कोणी विचारलं होतं, "मिस्त्री, ह्याला नांगर जुपनार का मोट?" बाबा म्हणाले, "समुद्र गाडीत बसंना. म्हनून पाळना आनला." सगळे हसले. बाबाही हसले. लढाई सरेपर्यंत तो पाळणा सखारामदादाच्या गोठ्यात पडून होता. गुरं बाहेर बांधली त्यानं, पाळण्यासाठी. त्याच्या घरची काय बोलली असेल, ते आपण समजू शकता.

यंदा बाबांनी तो उभा केला. इंजिन नाही, म्हणून माणसांनी ढकलून फिरवायचा. आता इंजिनच नाही, तर इंजिनाजवळचा ब्रेकही नाही. मग बाबांनी नवा ब्रेक केला. बाभळीचे दोन ठोकळे. एक आतून, एक बाहेरून. लांब दांडा दाबला की ते ठोकळे पाळण्याचं कडं चिमट्यात धरतात आणि पाळणा थांबतो. मी त्याचा नकाशा नंतर काढून पाहिला. ब्रेक चांगला आहे. हे मी मुलगी म्हणून सांगत नाही. मी काढला असता तर मीही तसाच काढला असता.

पण लक्षात घ्या. आता तो ब्रेक कड्यावर होता.

यात्रेच्या सकाळी बाबा पंचांकडे गेले होते, जागेवरून काही बोलणं चाललं होतं. आई यात्रेत आली. मुंबई सोडल्यावर तिनं पाळणा उभा असा पहिल्यांदा पाहिला. सखारामदादा तिथे राखणीला होता. तिनं त्याला सांगितलं, "फिरव जरा." त्यानं फिरवला. तिनं घरून आणलेलं फडकं काढलं, करडईचं तेल काढलं, आणि पूर्ण कडं पुसून काढलं.

हे मला आईनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मी पुण्याहून आले तेव्हा बाबा नगरच्या दवाखान्यात होते. बोलत नव्हते. परत बोलले नाहीत. त्यांना माती दिल्यावर मी पाळण्याकडे गेले. मला रडायला जागा हवी होती, असं लोकांना वाटलं. मी ठोकळे सोडवायला गेले होते. बाभळीचं लाकूड आतून काळं झालं होतं. बोटाला तेल लागलं. मी वास घेतला. करडई.

मग मी सखारामदादाच्या घरी गेले. त्याचे तळहात पाहिले. दोन्ही तळव्यांची कातडी सोलली आहे. दांडा सोडून दिलेल्या माणसाचे हात तसे होत नाहीत. कनातीकडे बघणाऱ्याचेही नाहीत. तो म्हणाला, "ताई, म्या अंगाचा भार टाकला हुता. धरतच न्हवता. सरकतच गेला." मी म्हटलं, "दादा, सकाळी आईनं कडं पुसलं ते लोकांना का सांगितलं नाहीस?" त्यानं तळहात उलटे केले. मग म्हणाला, "बाईचं कुंकू गेलं. आनि म्या वर हे सांगू व्हय?"

आम्ही ख्रिस्ती. आमच्या आईच्या कपाळावर कुंकू नसतं. पण तो काय म्हणाला ते मला कळलं.

सकाळी भार कमी होता, ठोकळे कोरडे होते, पाळणा थांबत होता. दिवसभर तेल लाकडात मुरत गेलं. दुपारनंतर सगळ्या डोल्या भरल्या. एका बाजूची माणसं उतरली, दुसऱ्या बाजूला वर मुलं बसलेली. जड बाजू खाली येऊ लागली, ब्रेक धरेना. बाबा आडवे गेले. खांदा दिला कड्याला. पाळणा तिथे थांबला. हे मला त्या मुलांच्या आयांनी सांगितलं, त्या इथे बसल्या आहेत. मुलं घरी आहेत, सुखरूप आहेत. हे कोणी केलं, ते त्यांना माहीत आहे.

मी घरी आले. आई चुलीपुढे बसली होती, चूल पेटवलेली नव्हती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "तेलानं सरकला का गं?"

मंडळी, मला खोटं बोलता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. मी तिच्या शेजारी बसले आणि हो म्हटलं.

तिनं चुलीतली काटकी बाजूला केली. मग म्हणाली, "त्यांनी सांगितलं न्हाई मला, बिरेक कड्यावर घेतलाय म्हनून." मी म्हटलं, "नाही सांगितलं." ती म्हणाली, "म्या बी इचारलं न्हाई. पुसायचं म्हनून पुसलं." इथे खारा वारा नाही. गंज धरायला इथे कारण नाही. तरी तिनं पुसलं. तरी बाबांनी सांगितलं नाही. मी पुष्कळ विचार केला की असं का झालं. मला एकच उत्तर सापडतं. त्या दोघांच्या मनात पाळणा अजून समुद्रावरच उभा होता. बाग मिटली हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण त्या दोघांचे हात रोज सकाळी तिथेच जात होते.

ह्यात गुन्हा कुणाचा, ते मला ठरवता येत नाही. यंत्राचं कारण मला ठरवता येतं, ते मी सांगितलं. ब्रेक सरकला तो तेलानं. सखारामनं दांडा सोडला नाही.

पोलीसपाटील, उद्या फौजदारांपुढे मी हेच सांगणार आहे, ह्याच शब्दांत. ठोकळे मी जपून ठेवले आहेत, ते दाखवीन. आपणही काल जे सांगायचं ठरवलंत ते सांगू नका. मी विनंती करते आहे, असं समजा. आपण मान हलवलीत, पण मला ते सगळ्यांपुढे ऐकू आलं तर बरं होईल.

ठीक आहे, सगळ्यांनी ऐकलं. आभारी आहे.

आज हे सगळं इथे बोलायचं, हे मी ठरवलेलं नाही. मला वाटत होतं, फक्त फौजदारांना सांगावं. चार भिंतींत. आई म्हणाली, "न्हाई. सखारामाचं नाव चारचौघांत घेतलं. माजं बी चारचौघांत घे." म्हणून घेतलं. तिचं नाव रूथ शमुवेल. ती तिथे बायकांत बसली आहे. तिच्याकडे बघायचं असेल तर बघा. नजर चुकवू नका. तिला ते जास्त लागेल.

आता मी आपल्याला उभं राहायची विनंती करणार होते. बाबांसाठी शांत राहायचं आहे.

थांबा. एक क्षण.

आई उठली आहे. तिला वाट द्या. नाही, कोणी हात धरू नका, ती चालेल. ती कुठे निघाली आहे ते मला दिसतं आहे. बायांनो, जरा सरका. कडुनिंबाकडची बाजू मोकळी करा.

सखारामदादा, मागे जाऊ नकोस. ती इतकं अंतर एकटी चालून आली आहे. तू चार पावलं पुढे ये.

हां. असंच. त्याला इथे पुढे आणा, बाबांच्या तसबिरीशेजारी. आईच्या बाजूला. हात दुखत असतील तर फूल दुसऱ्या कोणी वाहावं. नको? बरं, तूच वाहा, दादा.

आता सगळे उभे राहू या. शमुवेल मिस्त्रींसाठी. कोणी काही बोलू नका.