माह्या वावरातला सरवा

बसा भाऊ, चहा पेत पेत आयका. मी वरवट बकालचीच, जलमली बी अठीच अन् लगन होऊन गेली ते बी अठीच, दोन गल्ल्या सोडून. बापाले वावर नव्हतं. कोना मालकाचा भुईमूग निंघाला का मातीत ज्या शेंगा राहून जात, त्या वेचाले आमी गरिबाच्या बाया जावो, त्याले सरवा म्हनत. माही माय बोटानं माती उकरे, नखं पार झिजून गेलती तिचे, पन शेंग घावली का अशी हासे, अशी हासे! त्याच्यावर आमचं संध्याकाळचं निघे.

एकडाव मालक बांधावर आला अन् म्हने, ओटी झाड. काऊन तं, म्हने, ढिगातल्या चोरल्या असतीन. मायनं पदर सोडला, साऱ्या शेंगा खाली. मी बाजूलेच उभी होती. तवाच मनात धरलं, आपलं वावर झालं ना, तं तठी कोनाले ओटी झाडू द्याची नाही.

अन् झालं ना भाऊ! काय सांगू तुमाले! मी अन् आमच्या बुढ्यानं, माह्या नवऱ्यानं, जलमभर मजुरी करकरून एवढुसं वावर घेतलं, औंदा पयला भुईमूग. मी उपटनाऱ्या बायाईले सांगे, अवं, राहू द्या वं काही मातीत सरव्याले. बुढा म्हने, येडी झाली हे, लोक शेंगा घरी आनतेत, हे वावरात ठेवून राह्यली.

मंग रोज सकाळी मी बांधावर जाऊन बसो, कोनी येईनाच. शेजारच्या कांताले म्हटलं, चाल न वं सरव्याले. ते म्हने, मावशे, रेशनचं घरात पडून हाये, आता सरव्याले कोन जाते. मले इतका आनंद झाला भाऊ, टाळ्याच वाजवल्या मी! अन् थोडं वाईट बी वाटलं, खोटं काऊन बोलू. तं त्याच दिवशी नातीनं मोबाइलात दाखवलं, कोन्या समुद्रापारच्या मुलखातल्या बाया अशाच वाकून कनसं वेचून राह्यल्या होत्या. म्हटलं, पाय वं पोरी, हे तं माही मायच!

अन् एका सकाळी पायते तं वावरात एक बाई! सातपुड्यापलीकडून केळीच्या कामाले आलेली. मी धावतच सुटली, आली वं आली, असं वरडत. तिले वाटलं, मालकीन मारालेच आली. मी काही म्हनाच्या आंधी तिनं आपल्याच हातानं ओटी झाडली, म्हने, बाई, जमीन का उठाया, ढेर का नहीं।

मालक उभा होता त्या जागी आज मी उभी होती भाऊ! बसलीच खाली. एकएक शेंग उचलून तिच्या ओटीत टाकली, अन् मंग तिच्यासंगं मी बी माती उकराले लागली, हे पाहा नखं. शेंग घावली का दोघीबी हासो.

गेली ते आता आपल्या मुलखात. जठी असन तठी सुखी राहो बापा. पुढच्या साली तिच्यावर सरव्याची पाळी न येवो, अन् आलीच तं माह्या वावरात येवो.