ढिला दोरा आणि वर गेलेला हात

तात्या, तालमीतली मंडळी, नदीवरचे गळवाले, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या ऱ्हायलेल्या बायांनो, बसून घ्या. माईक मला नको. माझा आवाज पंचगंगेपल्याड जातोय.

आत्तापतूर जो उठला तो म्हणला, बोलायला शब्द फुटंना. मलाबी फुटंना. रडू येतंय म्हणून न्हाय. तोंडात शिव्या आल्यात, आणि समोर दत्तूच्या फोटोला हार घातलाय.

ज्यास्नी ठावं न्हाय त्यांच्यासाठी सांगते. दत्तू माझा धाकटा भाऊ. मला हुपरीला दिलेली, घरात चांदीच्या पैंजणांचा धंदा. दुसरीपतूर शिकले, तिसरीत मास्तर कंटाळला का मी, ते आठवत न्हाय. तवा भाषण मागू नका.

दत्तू देवमाणूस हुता म्हणे. कुठला देव? पाण्याचा तांब्या कधी हातानं घेतला न्हाय त्यानं. हट्टी हुता, रागीट हुता, आणि गळाचं वेड हुतं. माझा भाऊ हुता, म्हणून मी म्हणू शकते. तुम्ही म्हणू नका.

पण मघाशी आमचे चुलते, हे तात्या, काय म्हणले? "दत्तू बुडला, कारण घरातनंच दोरा ढिला गेला." आणि तुमच्या सगळ्यांच्या माना शालनकडं वळल्या. दत्तूची बायको ती. त्या कोपऱ्यात बसलीया, पदर तोंडात कोंबून. तिनं दोरा धरला न्हाय म्हणून नवरा गेला, असं गल्लीभर झालंय. तेराव्यानंतर तिला नेसरीला माहेरी पोचवायचं ठरलंय म्हणे. कुणी ठरवलं? मला कुणी इच्यारलं?

मी त्या शनवारी त्या घरात हुते. तुमच्यातलं कोण हुतं?

ह्या गळवाल्यांची एक रीत हाय. रविवारी नदीवर जायचं, तर आदल्या दिवशी घरात रीळ भरायचं. नवरा दांडी फिरवणार, आणि बायको समोर बसून ओल्या फडक्यात दोरा चिमटीत घट्ट धरणार. दत्तूचं रीळ गोव्याच्या बोटीवरनं आलेलं, आणि त्यावर विणलेला दोरा. आपला साधा तंगूस, नायलॉनचा, ताठ असतोय, कसाबी गुंडाळा, चालतंय. विणलेला दोरा केसावानी मऊ. ढिला भरला की वरचा वेढा खालच्यात रुततो. मग गळ फेकला की एकाच्या जागी तीन वेढे भसाभसा बाहेर पडत्यात आणि काठीच्या कडीत अडकत्यात. बायांनो, तुमास्नी कळंल. ढिली वेणी घाला आणि म्हशीमागं पळा. संध्याकाळी फणी घालून दाखवा.

हे मला कुणी शिकवलं? दत्तूनंच. दर दिवाळीला हुपरीला यायचा आणि ह्येच. "अक्का, खाली आधी तंगूसाचे चार वेढे द्यायचे, न्हायतर विणलेला दोरा फिरकीवर घसरतोय. अक्का, काठोकाठ भरायचं न्हाय, तांदळाच्या दाण्याएवढी कड मोकळी ठेवायची." माझे कान किटले. म्हणजे त्याला सगळं ठावं हुतं. कळतंय का तात्या? सगळं ठावं हुतं.

तर शनवारी हा सोप्यात बसला आणि वरडला, "शालन, फडकं घेऊन ये!"

ती चुलीपुढं. म्हणली, "दोन भाकरी ऱ्हायल्यात. आलेच."

"भाकरी मोठी का मी मोठा?"

"तव्यावर तुम्ही न्हाईसा. भाकरी हाय."

मला हसू आलं. त्याला झोंबलं. दोरा भुईवर टाकला आणि एकटाच दांडी फिरवाय लागला, घर्रर्र, काठोकाठ. मी म्हणले, "दत्तू, ढिलं बसतंय रं." तर म्हणतोय, "अक्का, तू तुझी पैंजणं बघ."

आणि आता नीट ऐका. शालन आली. पिठाच्या हातानं आली, फडकं भिजवून आली. समोर बसली. म्हणली, "उलगडा, मी धरते." तर माझा देवमाणूस भाऊ काय म्हणला? "त्या फडक्यानं आता तोंड पूस." आणि उठून गेला. ती तशीच बसली, फडक्यातलं पाणी मांडीवर ठिबकत हुतं.

कुणाचा दोरा ढिला? सांगा की. आता का माना खाली?

पुढचं मला बापूनं सांगितलं. हा काय, पुढं बसलाय, दत्तूचा जिगरी. दहाव्याला आमच्याच सोप्यात जेवता जेवता सांगितलं.

गळ पाण्यात पडला की फेकताना उघडलेली रिळावरची तार हातानं मिटायची, म्हंजे दोरा सुटायचा थांबतोय. मग दोरा बोटानं एकदा ताणून बघायचा. मग दांडी. दत्तू रागातच आलता. त्यानं तार मिटलीच न्हाय, एकदम दांडी फिरवली. तार आपटली, ढिलं वेटोळं आत गेलं. पुढच्या फेकीला मुठीएवढा गुंताडा. बापू हळूच म्हणला, "दत्तू, सुगरणीचं घरटं झालं की. अंडी कवा घालणार?" व्हय का न्हाय रं बापू? आणि बाकीचे तोंडावर हात धरून हसले.

गळ गेला पाण्यातल्या बाभळीत. दत्तूच्या खिशात चाकू हुता. दोरा कापायचा, संपलं. पण बोटीवरचा दोरा, कापवंना. एकानं तरी म्हणावं, कापून टाक? न्हाय. दत्तू उतरला पाण्यात. पूर नुकता वसरलेला, खाली सगळा गाळ.

आणि ह्यांची दुसरी रीत. नदीवर बोलायचं न्हाय. एकानं हात वर केला की बाकीच्यांनी मुकं व्हायचं. मासा जवळ आला, अशी ती खूण.

बाभळीजवळ पाय गाळात गेला. दत्तूनं हात वर केला.

आणि हे गप्प झाले.

बापू म्हणतोय, "अक्का, आमास्नी वाटलं, मोठा मासा हाय." मोठाच हुता रं. पन्नाशीचा हुता, दोन पोरींचा बाप हुता. काठावर सगळे पट्टीचे पव्हणारे, आणि सगळे गप्प बसून बघत ऱ्हायले, मासा बिचकंल म्हणून!

बापू, रडू नको. आता काय उपेग?

तात्या, उठू नका. माझं संपलं न्हाय. शालन मला आवडत न्हाय. भाकरी जाड थापती, मी आले की तिचं तोंड वाकडं हुतंय. अजून आवडत न्हाय, आणि म्हाताऱ्या झालो तरी आवडायची न्हाय. पण ती त्या घरातनं हलायची न्हाय. नेसरीला कुणाला जायचं असंल तर तुम्ही जावा. हवा चांगली हाय तिथली.

दत्तूचं रीळ तालमीत फोटोखाली टांगायचं म्हणताय. टांगायचं न्हाय. ते शालनकडं ऱ्हाईल. तुमचं गळाचं वेड काय जायचं न्हाय, महिन्यात परत नदीवर पळत जाशीला. ज्याला ते रीळ पायजे त्यानं ओलं फडकं घेऊन तिच्यापुढं मांडी घालून बसायचं आणि दोरा धरायचा. दांडी ती फिरवंल. दोरा ढिला पडला तर ती सांगंल, आणि तुम्ही ऐकायचं. आणि गुंता झालाच, तर खिशातला चाकू काढा. दोरा बाजारात मिळतोय.

आता उभं ऱ्हावा. सगळे. तात्या, तुम्हीबी.

दोन मिनिटं शांत ऱ्हायचं असतंय. तुमच्याच खुणेनं सांगते. हा बघा, केला हात वर. आता गप्प. ते तुमास्नी झ्याक जमतंय.

पण डोळे मिटायचे न्हाईत. हाताकडं बघा. खाली जाईस्तोवर बघत ऱ्हावा.