हाताने पिळलेली कढी

— आणि ‘जंतू’ म्हणू नका, डॉक्टरबाई, ‘जीवाणू’ म्हणा. शब्द नेमका असावा. बसा. ती सोलकढी घ्या, आज सकाळी मी स्वतः पिळली आहे — हो, मीच. सत्तरी उलटली तरी मनगटात जोर आहे. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत, पुढचे सारे वाचनालयात बसून. त्यामुळे तुमच्या प्रयोगशाळेत काय चालते हे मला समजावण्याची आवश्यकता नाही. रुग्णाच्या विष्ठेतून जीवाणू वेगळा काढायचा आणि त्याचा संपूर्ण जनुकसंच अक्षर-अक्षर वाचायचा — बरोबर ना? एरवी हा जीवाणू तुमच्याआमच्या आतड्यात निमूट नांदतो. परंतु एखाद्यात विष घडवणारे जनुक येऊन बसते, कुठल्याशा विषाणूने आणून टाकलेले, आणि मग तो आतड्याला चिकटतो, रक्ताची हगवण लावतो, विष थेट मूत्रपिंडांपर्यंत पोचते. सानवीचे निदान झाले तेव्हापासून मी दुसरे काही वाचलेच नाही — नात माझी, अजून शाळेतही रुळली नाही. लघवी बंद झाली होती पोरीची. काल घरी आणली. आत निजली आहे, सून राजश्री जवळ आहे. मूत्रपिंडे आता कुठे सावरताहेत, पुन्हा हेच झाले तर — ते वाक्य इस्पितळातल्या डॉक्टरांनी पुरे केले नाही, मीही करणार नाही. घ्या ना कढी.

तर आमच्या गावच्या उत्सवातल्या जेवणानंतर आजारी पडलेल्या सर्वांचा जीवाणू एकच निघाला, जवळजवळ अक्षर न अक्षर जुळणारा — हे तुम्ही मागच्या खेपेस सांगितलेत. म्हणजे उगम एक. मी तेव्हाच म्हणालो, बर्फ. सरबतात मिरकरवाड्याचा बर्फ घातला होता, मासळीवरचा. उत्सव समितीला मी बजावले होते. काय? बर्फात सापडला नाही? बरे. मग आमची विहीर — तिचे पाणी तर तुम्ही नेलेत. तेही निर्दोष? मग राहिले काय? वरण उकळलेले, भाजी शिजलेली. कढी — कढी चुलीवर चढतच नाही, उकळली की फुटते. खोवलेला नारळ कोमट पाण्यात भिजवायचा, पिळायचा, कोकमाचे आगळ घालायचे, झाले. आणि आमच्या उत्सवात ती हातानेच पिळायची. तो मान आमच्या घराण्याचा, म्हणजे माझा. गेल्या वर्षीही मीच — हो, गेल्या वर्षीही काही जणांची पोटे बिघडली होती, पण ती उन्हाने. या खेपेस समितीचा आत्माराम चाचरत म्हणाला, “काका, हातमोजे घालाल का?” मी सर्वांदेखत विचारले, “माझ्या हातांचा विटाळ होतो का रे तुला?” हातमोजे परत पिशवीत गेले. आणि तीच कढी मीही प्यालो, पेलाभर नव्हे, पोटभर — साधी कळसुद्धा आली नाही.

ही कसली बाटली? झाकणाला आतून चमचा दिसतो. माझा नमुना? अहो, मी आजारी नाही हे आताच सांगितले. काय म्हणालात, स्वतः आजारी न पडता जीवाणू बाळगणारा? वाचले आहे. तेही वाचले आहे मी. ते इतरांविषयी लिहिलेले असते.

तुम्ही पेल्याला हात लावला नाहीत. आल्यापासून तो तसाच आहे.

राजश्री — सूनबाई, ऐकतेस का? सानवीसाठी झाकून ठेवलेला पेला कुठे आहे? आजोबांच्या हातचीच कढी हवी म्हणत होती, म्हणून सकाळी —

राजश्री?