आबिजानचा कांदा, डाकारची परात

...आणि पाच कांद्यांच्या एका वाट्याचे हजार फ्रँक, म्हणजे तुम्हाला सांगतो, त्या पाचातले दोन आतून सडके आहेत हे मला लांबूनच दिसत होतं, आणि चष्म्यांचं दुकान आहे माझं, मला नाही दिसणार तर कोणाला दिसणार? आबिजानातला त्रेशव्हिलचा बाजार, शुक्रवारची दुपार, नमाज आटोपून मी नेहमीसारखा पिशवी घेऊन उभा. त्या बाईला म्हटलं, "अगं, कांदे विकतेस की मोती?" तर म्हणते कशी, "मोत्यांची भाजी होत नाही, बाबा. घ्यायचे तर घ्या, नाहीतर सावलीतून सरका." आता मी घासाघीस करणार, तिला सातशेवर आणणार, घरी जाऊन जेवता जेवता डाकारला मेदूनला फोन लावणार आणि सांगणार की आमच्या आबिजानात वाटा पाचशेला... हो, दोनशे मी मधल्यामध्ये गिळणार, त्यात काय? आपल्या शहराची काही अब्रू असते की नाही? तेवढ्यात माझाच फोन वाजला. नंबर डाकारचा.

तिथेच मी ओळखायला हवं होतं. एकोणीस वर्षांत तिकडून फोन आलेलाच नाही. फोन मी करायचा, हा मेदूनचा नियम. "श्रीमंत शहरात कोण राहतं? तू. मग खर्च कोणाचा?"

फोनवर त्याची थोरली बहीण, नाफीताई. म्हणाली, "बिरान, मेदून गेला रे. सकाळीच. चहाचा दुसरा ग्लास ओतत होता." एवढंच. मी हजाराची नोट दिली आणि ते पाच कांदे घेऊन चालू लागलो. भाव न करता घेतलेले जन्मातले पहिले कांदे. ती बाईसुद्धा घाबरली, मागून हाका मारते, "बाबा, बरं वाटतंय ना? सहावा घेऊन जा." आता तुम्हीच सांगा, यात स्वस्त काय नि महाग काय?

तर मेदून म्हणजे मेदून गेये, आणि मी बिरान सेक. आमच्याकडे एवढं म्हटलं की ऐकणारे हसायलाच लागतात, कारण सेक आणि गेये या दोन कुळांचं नातंच थट्टेचं, पणजोबांच्या पणजोबांपासूनचं. गेयेने सेकला भर रस्त्यात खादाड म्हणावं, सेकने गेयेला आमच्या घरून पळालेला गडी म्हणावं, आणि रागवायचं कोणी नाही. रागावला तो हरला. त्यातून आम्ही डाकारात मेदिना मोहल्ल्यातल्या एकाच गल्लीत वाढलेले, म्हणजे काय विचारता. पुढे मी दुकान टाकायला आबिजानला आलो आणि आमच्या भांडणाला विषयच मिळाला: राहायला कुठलं शहर बरं? देश दोन, पण फ्रँक दोन्हीकडे तोच, त्यामुळे पळवाट नाही.

मी म्हणायचो, "माझ्या इमारतीला लिफ्ट आहे." तो ते आपलं खर्जातलं, मध्ये मध्ये खोकत, "आहे ना, छान आहे. वर जाऊन भेटतोस कोणाला?" मी म्हणायचो, "खोलीत गार हवा सोडणारं यंत्र आहे." "आम्हाला समुद्र आहे. त्याचं बिल येत नाही." बरं, म्हटलं, घरभाड्यावर बोलू, डाकारचं भाडं म्हणजे दरोडा आहे की नाही? तर म्हणतो, "अडीच खोल्यांत आम्ही अकरा माणसं. माणशी किती पडलं काढ." आता माणशी काढायला गेलं तर डाकार जगात सगळ्यात स्वस्त, हे त्याचं गणित. आणि आबिजानात काही महागलं की कारण तयार. "महागणारच रे. सगळे सेक तिकडे जेवायला गेलेत."

आणि फोन ठेवताना दर वेळी एकच प्रश्न. "बरं, आज परातीला हात किती?" कारण आमच्यात भाताची परात एक, मासा मधोमध, आणि भोवती बसतील तितके हात. दारावरून जाणारा दिसला तरी हाक मारायची, ये, जेव. तर मी सांगायचो, "सात."

आता हे बाहेर बोलू नका. माझी बायको मुलीच्या बाळंतपणाला फ्रान्सात लियोंला गेली, महिनाभरासाठी. ते बाळ सध्या दुसरीत आहे. मी आपला चौथ्या मजल्यावर, लिफ्टने वर जातो, एक ताट, एक चमचा, समोर टीव्हीवर बातम्या देणारा गृहस्थ. त्याला पंगतीत धरला तरी दोन. पण गेयेला दोन सांगायचे? मेलो असतो मी. म्हणून सात. भाडं मी एकटा भरतो, गार हवा मी एकटा खातो, माणशी काढायला माणसं कुठून आणू? तुम्हीच सांगा, यात स्वस्त काय नि महाग काय?

तिसऱ्या दिवशी पोचलो. आता डाकारचा विमानतळ डाकारात असावा अशी तुमची अपेक्षा असेल, तर ती सोडा. उतरल्यावर दुसरा प्रवास सुरू. टॅक्सीवाला म्हणतो, "पंचवीस हजार." म्हटलं, "मला शहरात जायचंय, मक्केला नाही." तो म्हणतो, "मक्केला स्वस्त पडलं असतं, काका."

आणि रीत अशी की मयताच्या घरी सगळ्यांनी रडायचं, पण थट्टेच्या नात्यातला आला की त्याने थट्टाच करायची. घरातलं पहिलं हसू त्याने काढायचं. ते त्याचं कामच. विमानात मी तयारी केली होती, चार-पाच कडक शिव्या जुळवून ठेवल्या होत्या. अंगणात चटया, माणसंच माणसं, कुजबुज सुरू, सेक आला, सेक आला... आणि भिंतीपाशी त्याची चहाची शेगडी, धुऊन पालथी घातलेली. झालं. चाळीस वर्षं चाललेलं तोंड, नेमकं त्या दिवशी बंद. सगळे बघतायत. नाफीताई बघतेय. शेवटी तोंडातून निघालं काय, तर, "पंचवीस हजार."

कोणाला काही कळेना.

म्हटलं, "टॅक्सीला पंचवीस हजार. आबिजानात पाच हजारांत माणूस घरी पोचतो. हा मेदून जाता जातासुद्धा मला महागात पडला."

मग नाफीताई डोक्यावरचं वस्त्र सावरत म्हणाली, "सेक तो सेकच. रडायला आला, तेही भाव सांगत." आणि अख्खं अंगण हसलं हो. पार मागच्या चटईवरचे म्हातारेसुद्धा. चला, म्हटलं, कामगिरी पार पडली.

मग परात आली. मी सवयीने हात मोजले. तेरा. नाफीताईने मासा मोडला आणि मोठा तुकडा माझ्या बाजूला सरकवला. "खा. काय ही दशा? तुझ्याकडे तर रोज सात जण असतात ना पंगतीला?"

मी भाताचा घास वळायला घेतला.

"मेदून सांगायचा," ती म्हणाली. "म्हणायचा, सेक सात हात सांगतो, आणि फोनमध्ये चमचा एकच वाजतो."

सात-आठ वर्षं, तुम्हाला सांगतो. त्याला माहीत होतं, आणि थट्टेचा एवढा मोठा हुकमी पत्ता हातात असून त्याने तो एकदाही टाकला नाही. मी म्हटलं, "मग आला का नाही कधी बघायला? लिफ्ट बघितली असती, आमचे ते सडके कांदे बघितले असते..."

"तो कसा येईल? म्हणायचा, न बोलावता दुसऱ्याच्या परातीला बसणं हे सेकांचं काम, आपलं नव्हे. सेक बोलावेल तेव्हा जाऊ." आणि आणखी एक तुकडा माझ्याकडे सरकवला. "जेव, थंड होतंय."

मी जेवलो. पोटभर जेवलो, दोन दिवसांचं जेवलो, शेवटी सेकच. आणि परातीतला तो भात, तुम्हाला सांगतो, मला एक फ्रँक पडला नाही... आता यात स्वस्त काय नि महाग काय, मला तर काही सांगता यायचं नाही.

एकोणीस वर्षं दर शुक्रवारी फोन केला. कांद्याचा भाव सांगितला, भाड्याचा सांगितला, विजेचा सांगितला. 'ये' एवढं म्हणायचं राहिलं.