मधलं शटल

वूहानच्या दवाखान्यात शुलान एक्स-रेसाठी थांबली होती. मागच्या बाकावर बॅडमिंटन दुहेरीच्या दोन खेळाडू बोलत होत्या.

"ताई, काय म्हणाले डॉक्टर?"

"गुडघा संपला. उद्यापासून तुझी जोडी यिंगबरोबर. कोचनी ठरवलंय."

"ती डावखुरी आहे! आमच्या रॅकेटी आपटतील."

"नाही आपटणार. महिनाभर मी तुझ्या शेजारी डाव्या हातानं खेळले, ते उगाच का?"

"उजवा खांदा दुखतो म्हणालीस ना?"

"खोटं बोलले."

"म्हणजे तुला महिनाभर ठाऊक होतं? सांगायचंस तरी!"

"रडत बसली असतीस. बरं, दोघींच्या मधलं शटल कुणाचं?"

"तुझं. सात वर्षं तूच घेतेस."

"यिंग बुजरी आहे. आता तूच ओरडायचं. ओरड बघू."

"इथे? दवाखान्यात?"

"इथेच."

"माझं!"

सगळी रांग वळून बघू लागली.

"पुन्हा. या वेळी न रडता."